सोनोग्राफी लिहून देताना एवढं सांगाल का?

गर्भवतींना सोनोग्राफीला पाठवणाऱ्या आणि त्यांची सोनोग्राफी करणाऱ्या सर्व डॉक्टरांना,

सप्रेम नमस्कार.

‘पुढच्या वेळी येताना सोनोग्राफी करून या.’ चिठ्ठी हातात पडते, बाई बाहेर येते, पुढच्या नावाचा पुकारा होतो. मी गरोदर बायकांचे वर्ग घेते. कळा कशा सोसायच्या, श्वास कसा घ्यायचा, बाळाला अंगावर कसं घ्यायचं, असल्या गोष्टी शिकवते. पण वर्ग संपल्यावर भोवती जो घोळका जमतो, त्याचे प्रश्न बहुतेक वेळा या चिठ्ठीबद्दलचे असतात. मागच्या महिन्यात झाली होती की, आता परत कशाला? यात काय बघतात? नाही केली तर चालेल का? बाळाला त्रास होतो का? अगं, हे डॉक्टरांना विचार, असं म्हटलं की उत्तर ठरलेलं: ‘विचारलं होतं. म्हणाले, सगळ्यांचीच करतात.’

समोर बसून पुन्हा विचारायला गेलं तर ‘इंटरनेटवर वाचून आलात वाटतं’ हे ऐकावं लागतं, म्हणून हे उघड पत्र.

आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना गैरसमज नको. सोनोग्राफी नकोच म्हणणाऱ्यांतली मी नाही. गर्भ गर्भाशयात न रुजता नळीत रुजला आणि ते वेळेत कळलं नाही, तर नळी फुटून बाईच्या जिवावर बेततं. सोनोग्राफीत ते आधी कळतं. जुळी आहेत हे तर दिसतंच, पण दोघांची वार एकच आहे की वेगवेगळी, हे पहिल्या तीन महिन्यांत जितकं नीट दिसतं तितकं पुढे दिसत नाही. वार एकच असेल तर शंभरातल्या दहा-पंधरा जणींच्या पोटात एका बाळाचं रक्त दुसऱ्याकडे वाहू लागतं, आणि आधीपासून लक्ष असेल तरच लेझरने त्या रक्तवाहिन्या बंद करायला वेळ मिळतो. वासा प्रिव्हिया हा त्याहून दुर्मिळ प्रकार. त्यात बाळाच्या रक्तवाहिन्या गर्भाशयाच्या तोंडावरून उघड्याच गेलेल्या असतात आणि पाणमोट फुटताना त्या फाटल्या तर बाळाच्या अंगातलं रक्त काही मिनिटांत जातं. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हा दोष आधी सापडला होता त्यांची 97 टक्के बाळं वाचली. आधी सापडला नव्हता त्यांची 44 टक्के. हे माहीत असताना सोनोग्राफीला नावं कोण ठेवेल?

माझं म्हणणं वेगळंच आहे. प्रत्येक सोनोग्राफी म्हणजे तुम्ही त्या बाईच्या पोटाला विचारलेला एक प्रश्न असतो. तो प्रश्न कोणता, हे तिला आधी कळलं पाहिजे. उत्तर काय काय येऊ शकतं आणि आल्यावर तिच्यासमोर काय वाढून ठेवलेलं असेल, हेही. मग तो प्रश्न विचारायचा की नाही, ते तिने ठरवायचं. आज होतं असं, की ती हौसेने बाळ बघायला जाते आणि परत येते ती असं काहीतरी घेऊन, जे आपण मागितलं होतं हेच तिला ठाऊक नसतं.

सुरुवात धोक्यापासून करते, कारण बायका सर्वांत आधी तेच विचारतात आणि तुमची उत्तरं सर्वांत तोकडी तिथेच असतात. ‘काही होत नाही’ हे उत्तर खोटं नाही, पण अपुरं आहे. हा ध्वनी आहे, किरणोत्सर्ग नाही, एक्स-रेचा आणि याचा संबंध नाही, एवढं जरी सांगितलंत तरी निम्मी भीती उतरते. पण विचारणाऱ्या बाईला वेड्यात काढू नका. 1956 मध्ये ॲलिस स्टुअर्ट यांनी पोटातल्या बाळाचे एक्स-रे आणि लहानपणीचा कर्करोग यांचा संबंध दाखवला, त्याआधी कितीतरी वर्षं डॉक्टर गरोदर बायकांचे एक्स-रे निर्धास्तपणे काढत होते. इयन डोनाल्ड, जॉन मॅकव्हिकार आणि टॉम ब्राऊन यांचा अल्ट्रासाउंडवरचा पहिला मोठा लेख लॅन्सेटमध्ये आला तो 1958 साली, म्हणजे एक्स-रेबद्दलची ती शंका ताजी असतानाच. धातूतल्या भेगा शोधायचं यंत्र डोनाल्ड यांनी माणसाच्या पोटाकडे वळवलं आणि त्यानंतर आईच्या पोटातलं मूल बघण्याची एक खरोखर सौम्य रीत हाती आली. सौम्य आहे म्हणून प्रश्न विचारूच नये, असं मात्र त्यातून निघत नाही.

आणि यंत्रं तेव्हाची राहिलेली नाहीत. 1992 च्या सुमारास अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने गर्भाच्या तपासणीसाठीची ध्वनितीव्रतेची कमाल मर्यादा दर चौरस सेंटिमीटरला 94 मिलिवॉटवरून 720 पर्यंत वाढू दिली. अट एवढीच, की किती ऊर्जा जाते आहे ते पडद्यावर दिसलं पाहिजे. पडद्याच्या कोपऱ्यात टीआय आणि एमआय असे दोन छोटे आकडे असतात ते हेच: एक ऊब किती वाढू शकते त्याचा अंदाज देतो, दुसरा ध्वनीच्या दाबाने पेशींवर होऊ शकणाऱ्या परिणामाचा. म्हणजे सुरक्षिततेची भिस्त यंत्रावरून उचलून प्रोब, म्हणजे पोटावर फिरवायचा भाग, धरणाऱ्याच्या हातावर ठेवली गेली. 2007 साली अमेरिकेतच प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत सोनोग्राफी करणाऱ्या बहुसंख्य लोकांना टीआयचा अर्थ नीट सांगता आला नव्हता. अशा वेळी ‘काही होत नाही’ म्हणताना जीभ थोडी अडखळायला हवी की नको?

खरं उत्तर काही भयंकर नाही. साध्या काळ्या-पांढऱ्या चित्राच्या सोनोग्राफीने बाळाला इजा झाल्याचं इतक्या वर्षांत सिद्ध झालेलं नाही. ऑस्ट्रेलियात पर्थ इथे 2,834 बायकांचे दोन गट करून अभ्यास झाला होता. वारंवार सोनोग्राफी आणि डॉप्लर (रक्ताचा प्रवाह तपासणारी सोनोग्राफी) झालेल्या गटात 1993 साली थोडी जास्त बाळं वजनाने कमी निघाली आणि बरीच खळबळ उडाली. पण त्याच मुलांना पुढे आठव्या वर्षापर्यंत तपासत राहिले, तेव्हा दोन्ही गटांत वाढीत किंवा विकासात फरक राहिला नव्हता. तो निष्कर्ष 2004 मध्ये आला. डॉप्लरची गोष्ट थोडी निराळी: त्यात ऊर्जा एकाच जागी साठते, हाडाजवळ ऊब जास्त धरते. म्हणून तर तुमच्याच आंतरराष्ट्रीय संघटना सांगतात की पहिल्या तीन महिन्यांत डॉप्लर उगाच लावू नका आणि ठोके मोजायला एम-मोड, म्हणजे ठोक्यांचा आलेख दाखवणारी साधी पद्धत, वापरा. हे तुम्हाला माहीत आहे. तिला ठोके ‘ऐकवण्यासाठी’ आठव्या आठवड्यात डॉप्लर सुरू करता, तेव्हा मात्र ते तिला माहीत नसतं. तिला आवाजाचा आनंद होतो, तुम्हालाही तिच्या चेहऱ्याकडे बघून बरं वाटतं, आणि नियम बाजूला राहतो.

धोक्याचं इथेच थांबवते. माझ्या मते तो या विषयातला सर्वांत लहान भाग आहे.

मोठा भाग फायद्याचा. चोविसाव्या आठवड्याआधी एक सोनोग्राफी, ही जागतिक आरोग्य संघटनेची 2016 पासूनची शिफारस आहे. कारणं सरळ आहेत: दिवस नक्की किती झाले ते कळतं, त्यामुळे ‘तारीख उलटली’ म्हणून उगाच कळा आणण्याचे प्रसंग कमी होतात, जुळी कळतात, काही व्यंगं लवकर दिसतात. सगळं ठीक असलेल्या बाईची चोविसाव्या आठवड्यानंतर सरसकट सोनोग्राफी केल्याने आईचा किंवा बाळाचा फायदा झाल्याचं मात्र कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यासांचे आढावे घेणाऱ्या संस्थेच्या एकत्रित आढाव्यात दिसलेलं नाही. सातव्या, आठव्या, नवव्या महिन्यात चिठ्ठ्या मिळालेल्या बायका माझ्यासमोर बसतात, तेव्हा हे मला आठवतं. एखादीचा रक्तदाब वाढलेला असतो, एखादीचं पोट महिन्याच्या मानाने लहान असतं, एखादीला बाळाची हालचाल कमी वाटते. तिथे सोनोग्राफीला कारण आहे आणि ते कारण तिलाही पटतं. बाकीच्यांना कारण सांगितलेलंच नसतं, कदाचित ते नसतंच.

दोन जुने अभ्यास तुम्ही सर्वांनी शिकताना वाचले असतील. अमेरिकेतल्या 15,151 बायकांचा 1993 चा अभ्यास: एका गटाची ठरावीक वेळी सोनोग्राफी, दुसऱ्या गटाची फक्त कारण असेल तेव्हा. बाळ दगावणं किंवा गंभीर आजारी होणं पहिल्या गटात 5.0 टक्के, दुसऱ्यात 4.9. फरक नाहीच म्हणा. त्याआधी 1990 मध्ये हेलसिंकीच्या 9,310 बायकांच्या अभ्यासात उलट चित्र होतं: ज्यांची सरसकट सोनोग्राफी झाली त्यांच्यात बाळमृत्यू हजारी 4.6, बाकीच्यांत 9.0. जवळजवळ निम्मे. पण का, ते बघितलं तर ही घट मुख्यतः गंभीर व्यंग लवकर कळून गर्भपात केल्यामुळे झाली होती. सोनोग्राफीने ती बाळं बरी केली नव्हती. ती जन्मालाच आली नाहीत, म्हणून मृत्यूंत मोजली गेली नाहीत.

यात चांगलं-वाईट मी ठरवत नाही. एखादी बाई म्हणेल, मला हे कळायलाच हवं होतं, वेळेत कळलं म्हणून सुटले. दुसरी म्हणेल, मी काहीही झालं तरी हे मूल वाढवणार आहे, मग पुढचे चार महिने मला हे ओझं कशाला दिलंत? तिसरी म्हणेल, वाढवणारच आहे, पण आधी कळलं तर हृदयाची शस्त्रक्रिया होते अशा ठिकाणी बाळंतपण करता येईल. तिघींचंही बरोबर आहे. पण विसाव्या आठवड्याच्या चिठ्ठीवर तिघींसाठी एकच ओळ लिहिलेली असते, आणि आपण या तिघींपैकी कोण आहोत हा विचार करायची वेळ त्यांच्यावर येते ती पोटाला जेल लागलेलं असताना.

विसाव्या आठवड्याच्या या तपासणीत दिसतं किती, हेही सांगितलं जात नाही. ‘सगळं नॉर्मल आहे’ ऐकून घरी गेलेल्या बाईला वाटतं, बाळ धडधाकट असल्याचं लिहून मिळालं. ब्रिटनच्या सरकारी तपासणी कार्यक्रमाने आपले आकडे उघडपणे मांडले होते: कवटी तयार न होणं 98 टक्के वेळा सापडावं, पाठीचा उघडा कणा 90 टक्के, फाटलेला ओठ 75 टक्के, हृदयाचे गंभीर दोष निम्मेच. निम्मेच! आणि ही अपेक्षा शिकलेल्या हातांकडून आहे. मघाच्या अमेरिकी अभ्यासात मोठ्या विशेषोपचार केंद्रांत चोविसाव्या आठवड्याआधी 35 टक्के व्यंगं सापडली, इतर ठिकाणी 13 टक्के. यंत्रं तेव्हापासून खूप सुधारली, पण प्रोब कोणाच्या हातात आहे याने पडणारा फरक संपलेला नाही. मतिमंदत्व, बहिरेपण, स्वमग्नता यांतलं काही पडद्यावर दिसत नाही. हे दोन वाक्यांत सांगून होतं. सांगितलं नाही की पुढे बाळाच्या हृदयाला छिद्र निघतं आणि तीच बाई तुमच्यावर चिडते, ‘सोनोग्राफीत नॉर्मल म्हणाला होतात’ म्हणून. तो राग चुकीच्या जागी असतो हे मला कळतं, पण त्याची सोय तुम्हीच करून ठेवलेली असते.

आता उलट बाजू: जे दिसतं पण ज्याला फारसा अर्थ नसतो. वर्गात एकदा एकजण रिपोर्ट घेऊन आली. हृदयात पांढरा ठिपका, ‘इकोजेनिक फोकस’. तिने रात्रभर मोबाइलवर शोधलं होतं, डोळे सुजलेले. बाकी सगळं ठीक असताना असा एकटा ठिपका शंभरात तीन-चार बाळांच्या हृदयात दिसतो आणि ती बाळं जवळजवळ सगळी निरोगी असतात. मेंदूतल्या कोरॉइड प्लेक्सस सिस्टचंही, म्हणजे पाण्याच्या छोट्या पिशवीचंही, तसंच, ती सहसा सातव्या महिन्यापर्यंत आपोआप विरते. रिपोर्टमध्ये लिहायचंच असेल तर त्याच ओळीत पुढे लिहा ना, की बाकी तपासणी नॉर्मल असल्याने याला महत्त्व नाही. तुमच्या दहा शब्दांनी तिची ती रात्र वाचली असती.

एनटी स्कॅन (बाळाच्या मानेमागच्या द्रवाची जाडी मोजणारी पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी) आणि रक्ताच्या तपासणीचंही असंच. ही जोडतपासणी डाउन सिंड्रोमची दहातली साधारण नऊ बाळं ओळखते, पण त्यासाठी तिची आखणीच अशी केलेली असते की निरोगी बाळ असलेल्या शंभर बायकांपैकी पाच जणींना ‘हाय रिस्क’ असा निरोप जावा. लाल अक्षरात 1:180 छापून येतं. ती वाचते, हाय रिस्क. तिच्यासारख्या 180 जणी एकत्र बसवल्या तर 179 जणींच्या बाळाला हा दोष नसेल, हे तिला कोणी मांडून सांगत नाही. पुढची पायरी सुईने गर्भजल काढण्याची असू शकते, त्यात गर्भपाताचा थोडा का होईना धोका आहे, आणि नको असेल तर तिथेच थांबता येतं, हे एनटी स्कॅनच्या खोलीत शिरण्याआधी सांगायला हवं. पहिली पायरी चढतानाच जिना कुठे जातो ते कळलं, तर काहीजणी चढणार नाहीत आणि पुष्कळजणी विश्वासाने चढतील.

पहिल्या काही आठवड्यांतल्या सोनोग्राफीबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण तिथली जखम खोल असते. पाळी चुकली, चाचणी पॉझिटिव्ह आली की लगेच सहाव्या आठवड्यात पाठवलं जातं. पोटात दुखत असेल, रक्त जात असेल, आधी नळीतला गर्भ राहिलेला असेल तर घाई बरोबर आहे. पण काहीच त्रास नसताना इतक्या लवकर गेलं की पडद्यावर पिशवी दिसते आणि ठोके दिसत नाहीत. पाळीच्या तारखेत पाच-सात दिवसांचा फरक असेल तर ठोके अजून सुरू व्हायचे असतात, एवढंच. तिला मात्र ऐकू येतं, ‘ठोके नाहीत.’

इथे तुमच्याच शास्त्राने स्वतःचा निकष बदलला आहे, ते लोकांना कळायला हवं. 2011 पर्यंत ब्रिटनमध्ये गर्भाची लांबी 6 मिलिमीटर झाली आणि ठोके नसले, किंवा पिशवी 20 मिलिमीटरची झाली आणि आत गर्भ दिसला नाही, की गर्भ वाढत नाही असं ठरवलं जाई. मग लक्षात आलं की दोन वेगळ्या माणसांनी घेतलेल्या मापांत एक-दोन मिलिमीटरचा फरक सहज पडतो, आणि या कडेवरची काही बाळं जिवंत असू शकतात. म्हणून निकष 7 आणि 25 मिलिमीटर केला गेला. 2013 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमधून अमेरिकी तज्ज्ञांनीही हेच आकडे मांडले. त्याहून लहान माप असेल तर आठ-दहा दिवस थांबून पुन्हा बघायचं. एक मिलिमीटर म्हणजे किती? नखाच्या कडेएवढा. तेवढ्यासाठी एखाद्या हव्याहव्याशा गर्भावर गोळ्यांची चिठ्ठी लिहिली जाऊ नये. ‘आज सांगता येत नाही, पुढच्या आठवड्यात या’ असं म्हणायला डॉक्टरांना जड जातं हे मी पाहिलं आहे. बाईला ते वाक्य ऐकायला तेवढं जड जात नाही, जर लवकर आल्याने असं होऊ शकतं हे तिला आधी माहीत असेल तर.

तारखांचा घोळही त्यातलाच. वर्गात एका पहिलटकरणीने माझ्यापुढे तीन रिपोर्ट पसरले. तिन्हींवर प्रसूतीच्या वेगवेगळ्या तारखा, पहिल्या आणि शेवटच्या तारखेत जवळजवळ तीन आठवड्यांचं अंतर. ‘यातली खरी कुठली?’ पहिल्या तीन महिन्यांत बाळाच्या डोक्यापासून ढुंगणापर्यंतच्या लांबीवरून काढलेली तारीख पाच-सात दिवसांच्या फरकाने बरोबर असते. आठव्या-नवव्या महिन्यात यंत्र बाळाच्या मापावरून जी तारीख छापतं ती तीन आठवड्यांनी इकडेतिकडे असू शकते. म्हणून पहिली ठरली की ती बदलायची नाही. एवढंच नाही, नंतरच्या मापाने तारीख पुढे ढकलली तर ज्या बाळाची वाढ खरंच खुंटली आहे ते ‘दिवसच कमी आहेत’ या नावाखाली सुटून जातं. हे तुमच्यासाठी बाळबोध आहे. मग त्या रिपोर्टवर नवी तारीख छापण्याआधी जुनी तारीख ठळक का लिहिली जात नाही? ‘आधीच्या सोनोग्राफीनुसार इतके आठवडे, आजच्या मापानुसार वाढ योग्य’ असं लिहिलं असतं तर ती माझ्याकडे आलीच नसती.

शेवटच्या महिन्यातल्या रिपोर्टची तर मला धास्तीच वाटते. ‘गळ्याभोवती नाळ.’ चारातल्या एका बाळाच्या गळ्याला जन्माच्या वेळी नाळेचा वेढा असतोच आणि बहुतेक बाळं तशीच सुखरूप बाहेर येतात. पण हे दोन शब्द घरात पोचले की त्या क्षणापासून सिझेरियन ठरलेलं असतं. ‘बाळ साडेतीन किलोचं.’ वजनाच्या अंदाजात दहा-पंधरा टक्के चूक धरूनच चालावं लागतं, म्हणजे साडेतीन किलोत साडेतीनशे ते पाचशे ग्रॅम इकडे किंवा तिकडे. विसाव्या आठवड्यात ‘वार खाली आहे’ म्हणून अंथरुणाला खिळवलेल्या बायका मी पाहिल्या आहेत; गर्भाशय वाढतं तशी त्यांच्यातल्या बहुतेकींची वार वर सरकते आणि बत्तिसाव्या आठवड्यात एकदा पुन्हा बघितलं की काम भागतं.

एक विनंती सोनोग्राफीच्या खोलीतली. पडदा भिंतीकडे वळवलेला, प्रोब फिरतोय, तुम्ही गप्प. माप घेताना बोलता येत नाही हे मान्य. पण ती तुमच्या भुवया वाचत असते. सुरुवातीलाच म्हणा, ‘मी दहा-पंधरा मिनिटं काही बोलणार नाही, याचा अर्थ काही वाईट आहे असा नाही. शेवटी सगळं सांगेन.’ आणि काही सापडलंच, तर ते आधी तिला सांगा. नवऱ्याला किंवा आईला बाहेर बोलावून नको.

संमतीचं म्हणाल तर फॉर्मवर सही तुम्ही घेताच. पण 2015 मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने माँटगोमेरी खटल्यात जे म्हटलं ते मला या कामी फार नेमकं वाटतं: काय सांगायचं ते डॉक्टरला काय महत्त्वाचं वाटतं यावर ठरत नाही, त्या जागी असलेल्या रुग्णाला काय महत्त्वाचं वाटेल, यावर ठरतं. तो खटला बाळंतपणातल्याच धोक्याचा होता, आणि धोका सांगितला तर बाई सिझेरियन मागेल म्हणून तो सांगितला गेला नव्हता. सोनोग्राफीतही आतून तीच भीती असते का, की सांगितलं तर ती नको म्हणेल?

माझा अनुभव असा, की समजावून सांगितलं तर फार थोड्या नको म्हणतात. आणि म्हणतात त्या बहुतेकदा सगळ्यालाच नको म्हणत नाहीत. तारखेसाठीची पहिली हवी असते, एनटी नको असतं. किंवा विसाव्या आठवड्याची करायची असते, पण ठिपके-बिपके सांगू नका, ज्यावर काही करता येण्यासारखं आहे तेवढंच सांगा, असं म्हणणं असतं. हे मागणं अजिबात अवाजवी नाही. चिठ्ठीवर एक ओळ लिहायची: ही सोनोग्राफी अमुक बघण्यासाठी, न केल्यास अमुक कळणार नाही. आणि तिने काय निवडलं, त्याची एक ओळ. एवढ्याने सोनोग्राफी करणाऱ्यालाही कळेल की समोर कोण आलं आहे. गर्दी असते, वेळ नसतो, हे मला दिसतं. पण हे तुम्हीच बोललं पाहिजे असंही नाही. एक छापील पान आणि प्रश्न ऐकून घेणारी एक नर्स असली तरी पुष्कळ झालं.

जी एकही नको म्हणेल तिच्याशी भांडू नका. ‘मग माझ्याकडे येऊ नका’ हे वाक्य ऐकून बाहेर पडलेल्या बायका पुढे तपासणीलाच जात नाहीत, आणि मग रक्तदाब, हिमोग्लोबिन, साखर सगळंच राहून जातं. तिचा नकार लिहून ठेवा, पुढच्या भेटीत शांतपणे एकदा पुन्हा विचारा, पोटावर टेपने उंची मोजत राहा. आणि कशासाठी तातडीने यायचं ते तिला पाठ करून द्या: एका बाजूला टोचून येणारी कळ आणि चक्कर, दुखल्याशिवाय जाणारं लाल रक्त, थांबलेली हालचाल. त्यातलं काही झालं तर ती दार ठोठावेल, आणि तेव्हा सोनोग्राफी कशासाठी करायची ते तिला वेगळं सांगावं लागणार नाही.

कळावे,

आपली,
गरोदर बायकांचे वर्ग घेणारी एक शिक्षिका